एचआयव्ही संशोधनातली माझी वाट: पुण्याहून पुन्हा सिंधुदुर्गात

एमएस्सीनंतर मला पहिली नोकरी लागली ती पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत, कंत्राटी प्रकल्प सहायक म्हणून. साल २००२. काम होतं एचआयव्हीच्या सेंटिनल सर्वेक्षणाचे नमुने तपासायचं. देशात हा संसर्ग किती पसरलाय याचा अंदाज बांधण्यासाठी १९९८ पासून हे सर्वेक्षण सुरू होतं आणि तेव्हा ते दरवर्षी व्हायचं. ठरवून दिलेल्या रुग्णालयांत गरोदरपणाच्या तपासणीला आलेल्या बायकांचं रक्त सिफिलिसच्या चाचणीसाठी घेतलं जाई. त्यातलं उरलेलं रक्त नाव-गाव काढून आमच्याकडे यायचं. एका केंद्राचे ४०० नमुने. ट्यूबवर नुसता आकडा, सोबतच्या कागदावर वय, शिक्षण, नवऱ्याचा व्यवसाय. ट्यूब पॉझिटिव्ह निघाली तरी ती कुणाची हे कुणालाच, अगदी आम्हालाही, कधी कळू नये अशी सगळी रचना होती.

त्या पद्धतीमागे विचार होता आणि तो मला पटलेला होता. विचारून तपासणी केली असती तर ज्यांना धास्ती वाटते नेमक्या त्याच बायकांनी नकार दिला असता आणि अंदाज चुकला असता. तेव्हा सरकारी रुग्णालयात एआरटी, म्हणजे एचआयव्हीला रोखून धरणारी औषधं, मिळतही नव्हती. पण व्यवसायाच्या रकान्यात 'खलाशी', 'ट्रक ड्रायव्हर', 'मुंबईला कामाला' असं लिहिलेलं दिसलं की माझा हात थांबायचा. मी मालवण तालुक्यातली. आमच्या वाडीत याहून वेगळे व्यवसाय फार थोडे. पॉझिटिव्ह निघालेल्या त्या बाईला काही आठवड्यांत मूल होणार होतं. प्रसूतीच्या वेळी आईला नेव्हिरॅपिन या औषधाचा एक डोस आणि जन्मल्यावर बाळाला एक डोस दिला तर बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं, हे युगांडातल्या अभ्यासाने १९९९ सालीच दाखवलं होतं. काही रुग्णालयांत समुपदेशन घेऊन स्वतंत्र तपासणी करून घ्यायची सोय होती. माझ्या हातातल्या ट्यूबमधली बाई त्या खोलीपर्यंत पोचली का, हे कळायला काही मार्ग नव्हता.

ज्याचं रक्त घेतलं त्याच्यापर्यंत निकाल परत गेला पाहिजे, आणि तोही उपयोग होईल अशा वेळी. पुढची वीस-बावीस वर्षं मी जे काही केलं ते एवढ्याच एका गोष्टीच्या मागे लागून केलं.

विज्ञानाकडे कशी वळले यात सांगण्यासारखं फारसं नाही. मायक्रोबायोलॉजीसाठी रत्नागिरी, मग पुणे, आणि एचआयव्हीचं काम चालायचं पुण्यातच. याच शहरातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली 'जामा' या नियतकालिकात छापला होता. देहविक्रय न करणाऱ्या बायकांमध्येही शेकडा १३.६ जणींना संसर्ग होता, आणि त्यातल्या बहुतेकींचा नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध नव्हता. विद्यार्थिदशेत मी तो लेख कितीदा वाचला असेल. 'वाईट वागणाऱ्यांचा आजार' ही समजूत माझ्या घरातही होती. वडिलांशी त्यावर बोलण्यासाठी मला त्या लेखाने शब्द दिले.

पीएचडीचा विषय होता औषधांना दाद न देणारा विषाणू. एचआयव्हीचं एक एन्झाइम आहे, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. ते विषाणूच्या आरएनएवरून डीएनए उतरवून काढतं, पण उतरवताना झालेल्या चुका तपासायची सोय त्याच्याकडे नाही. उपचार न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात दिवसाला १० अब्जांच्या घरात नवे विषाणू तयार होतात. एवढ्या प्रतींत एखादी चूक नेमकी अशी असते की औषध तिथे चिकटूच शकत नाही. नेव्हिरॅपिनच्या बाबतीत तर या एन्झाइमच्या साखळीत १०३व्या जागी लायसिन या अमिनो आम्लाऐवजी अस्पॅरॅजिन आलं की पुरे. आम्ही त्याला के१०३एन म्हणतो. बाळाला वाचवण्यासाठी दिलेला तो एकच डोस आईच्या शरीरात हा बदल मागे ठेवून जाऊ शकतो, आणि भारतात सर्वांत जास्त आढळणाऱ्या सी उपप्रकारात तर हे अधिक घडतं. आणि तेव्हा पुढे त्याच आईला उपचाराची गरज पडली की पहिलं औषध तेच असे, नेव्हिरॅपिन. या बायकांच्या रक्तात काय उरतं ते मी शोधत होते.

काम किचकट होतं. प्लाझ्मा वेगळा काढून उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायचा, त्यातून आरएनए काढायचा, ज्यात या एन्झाइमची कृती असते त्या पोल जनुकाचा तुकडा वाढवायचा, सिक्वेन्सिंगला द्यायचा आणि मग पडद्यावर उमटलेली रंगीत शिखरं एकेक करून वाचायची. कधी एकाच जागी दोन रंगांची शिखरं एकावर एक दिसतात, म्हणजे त्या शरीरात दोन्ही तऱ्हेचे विषाणू नांदताहेत. आणि औषधाला दाद न देणारी प्रजा साधारण पाचव्या हिश्श्याहून कमी असेल तर या पद्धतीला ती दिसतच नाही. रिपोर्टवर 'बदल नाही' असं लिहिताना मला हे सतत आठवत असे. ते आठवणंच मला या धंद्यातली सर्वांत महत्त्वाची शिस्त वाटतं.

१ एप्रिल २००४ रोजी सरकारने मोफत एआरटी सुरू केली. त्या वर्षीचा प्रयोगशाळेतला आनंद मी कधीच विसरणार नाही. पण निकाल परत पोचवण्याची माझी अडचण वेगळ्या रूपात पुढे आली. एखादीच्या विषाणूत प्रतिकार आढळला तर तिच्या डॉक्टरांना मी लेखी कळवत होते, आणि त्यांच्याकडे बदलून द्यायला औषधच नव्हतं. दुसऱ्या फळीची औषधं सरकारी कार्यक्रमात आली २००८ साली, तीही सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि चेन्नईजवळच्या तांबरमला. अभ्यासातल्या ज्या बायका तोवर तग धरून होत्या, त्यांतल्या काहींना मी स्वतः गाडीभाडं जमवून मुंबईला पाठवलं. प्रबंधात या गोष्टीला जागा नसते.

मग पोस्ट-डॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला गेले. तिथेही विषाणू सी उपप्रकाराचाच, आणि हातावरचं काम आपल्याकडच्यापेक्षा दसपट. तिथे असतानाच, २०११ साली, एचपीटीएन ०५२ या अभ्यासाचा निकाल आला. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, ज्यांत एकाला संसर्ग आहे आणि दुसऱ्याला नाही. पुणे हेही त्यातलं एक केंद्र. लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराकडे जाणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो हे त्यातून सिद्ध झालं. आज आपण ठामपणे सांगतो की नियमित उपचाराने विषाणूचं प्रमाण मोजता न येण्याइतकं खाली राहिलं तर शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही. त्या खात्रीची ती पायाभरणी. परत जायचं आणि गावाकडचं काम घ्यायचं हे मी त्याच वर्षी ठरवलं.

पुण्याच्या संस्थेत रुजू झाल्यावर मी सिंधुदुर्गासाठी प्रकल्प लिहिला. उपचार सुरू होऊन वर्ष उलटलेल्यांपैकी कुणाच्या रक्तात विषाणू अजून वाढतोय, आणि का? तेव्हा व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची, तपासणी सरसकट होत नसे; सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या आकड्यावरच भिस्त असायची. पण सीडी४ घसरायच्या आधी कित्येक महिने विषाणू वर चढलेला असतो, आणि तेवढ्या काळात प्रतिकार पक्का होतो. जिल्ह्यात ही तपासणी व्हायची नाही. थंडगार पेटीतून प्लाझ्मा पुण्याला न्यायचा तर पावसाळ्यात घाटात कधी दरड येईल याचा नेम नाही. म्हणून बोटातून किंवा शिरेतून घेतलेलं रक्त जाड शोषक कागदाच्या कार्डावर थेंबाथेंबाने सुकवून पाठवायचं ठरवलं. या पद्धतीला डीबीएस म्हणतात.

कागदावर हे फार सोपं दिसतं. कार्ड सावलीत, सपाट, किमान चार तास सुकवा, असं सगळ्या सूचनांत असतं. त्या लिहिणाऱ्यांनी जुलैतलं कोकण पाहिलेलं नसावं. इथे अंगावरचे कपडे आठवडाभर वाळत नाहीत, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. ओलसर राहिलेल्या कार्डावर आरएनए टिकत नाही, बुरशी धरते, आणि प्रयोगशाळेत पोचल्यावर हाती काहीच लागत नाही. आमच्या बायका आगोटीला सोडे, आमसुलं, पापड जसे पावसाच्या आत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरतात, त्याच घाईने आणि काटेकोरपणे आम्ही कार्डं सांभाळली. जिल्ह्याच्या ठिकाणी एसी असलेली एक खोली मागून घेतली, वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टर जोडला, प्रत्येक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या आणि दमटपणा दाखवणारं कार्ड घातलं. त्यावरचा निळा ठिपका गुलाबी झाला की पुड्या बदलायच्या. आमच्या लॅब टेक्निशियनने रात्री घरून येऊन पुड्या बदलल्यात. छापून आलेल्या लेखात याचं एक वाक्य झालं, 'नमुने प्रमाणित पद्धतीने सुकवण्यात आले'.

आणि माणसं! पुण्यात रुग्ण गर्दीत हरवून जातो. इथे तपासणी केंद्राच्या बाकावर बसलेल्याला पलीकडून जाणारा कुणीतरी हाक मारतोच, "काय रे, हयसर खंय?" म्हणून दोडामार्गची माणसं गोव्याला जाऊन गोळ्या आणतात, कणकवलीकडची घाट चढून कोल्हापूरला. जवळचं केंद्र सोडून पुरता दिवस आणि गाडीभाडं घालवतात. नोंदीत हा माणूस 'नियमित' असतो. मात्र एखाद्या महिन्यात हाताशी पैसे नसले की गोळ्या तुटतात आणि जिल्ह्याला त्याचा पत्ताही नसतो.

चाकरमान्यांचं उलटं. नोंदणी मुंबईला, औषध मुंबईला, पण गणपतीत आणि शिमग्याला गावच्या घरात वीस माणसं एकत्र. गोळ्यांची बाटली ठेवायची कुठे? बरेच जण ती मुंबईतच ठेवून येत. सणाच्या त्या आठ-दहा दिवसांत किती जणांचे डोस चुकतात हे आधी आमच्या लक्षातच आलेलं नव्हतं. भेटींच्या तारखा मी सणांनुसार लावायला लागले तेव्हा ते दिसू लागलं.

संमतीपत्राचा प्रसंग मी नव्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. नियम असा की माहितीपत्रक आणि संमतीपत्राची एक प्रत सहभागी व्यक्तीला द्यायची. तो तिचा हक्क आहे. सगळं वाचून दाखवल्यावर, शंका फिटल्यावर एका बाईने सही केली आणि प्रत माझ्याकडे परत सरकवली. "बाय, ह्यो कागद घराक नेलंय तर झील वाचतलो. तो आता चौथीत आसा." तिच्या हक्काचा कागद तिच्या घरातच घात करणार होता. आम्ही नैतिकता समितीला लिहिलं आणि समितीने मान्य केलं की सहभागीची इच्छा असेल तर तिची प्रत केंद्रात कुलपात राहील, तिला हवी तेव्हा पाहता येईल. याच चालीने निकाल कळवण्याची रीतही बदलली. फोन कुणी उचलला तर काय बोलायचं, कुठल्या नंबरवरून करायचा, कुठल्या दिवशी करायचा, हे प्रत्येकाने स्वतः ठरवायचं. एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला आणि संमतीशिवाय माहिती उघड करायला कायद्याने मनाई झाली. पण कायदा कार्यालयाला लागू असतो, बाजारातल्या माणसाला नाही.

या अभ्यासातला एक खलाशी माझ्या मनातून जात नाही. देवगडच्या ट्रॉलरवर कामाला, तिशीतला. नोंदीप्रमाणे औषध चोख नेत होता, तरी कार्डावरच्या रक्तात विषाणू भरपूर. सिक्वेन्समध्ये के१०३एन आणि त्याच्या जोडीला एम१८४व्ही हा दुसरा बदल, म्हणजे त्याच्या औषधांतल्या एफाव्हिरेंझ आणि लॅमिव्हुडीन दोन्हींचा उपयोग संपलेला. प्रयोगशाळेच्या दृष्टीने उत्तर मिळालं होतं. का झालं ते मात्र त्याने सांगितलं, बंदी लागल्यावर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हाच त्याला निवांत बसता आलं.

"मॅडम, रातीची गोळी घेतलंय की डोक्या गरगरता. जाळा ओढताना तोल गेलो तर थेट दर्यात."

एफाव्हिरेंझने चक्कर येते, भलभलती स्वप्नं पडतात, म्हणूनच ती गोळी झोपताना घ्यायला सांगतात. ट्रॉलरवर रात्री झोप कुठली? बोटीवर असेपर्यंत तो गोळीच घेत नसे. शिवाय बाटली खुळखुळते म्हणून गोळ्या चुन्याच्या डबीत काढून ठेवलेल्या, खाऱ्या हवेत, बाटलीतल्या पुडीशिवाय. आम्ही निकाल त्याच्या डॉक्टरांना दिला, औषध बदलायचं का हे ठरवणाऱ्या समितीपुढे प्रकरण गेलं, औषध बदललं, आणि पुढच्या मोसमात त्याचा व्हायरल लोड मोजता न येण्याइतका खाली आला. २०२० नंतर कार्यक्रमात डोल्युटेग्रॅव्हिरवर आधारलेली गोळी आली, तिने डोकं गरगरत नाही, प्रतिकारही सहजी होत नाही. किनाऱ्यावरच्या लोकांसाठी हा बदल किती मोठा आहे हे त्या खलाशाला भेटल्यामुळे मला नीट कळलं.

एचआयव्हीसाठी जिल्ह्यात हिंडताना दुसरे आजार आपोआप समोर आले. लावणीच्या दिवसांत तापसरी सुरू झाली की लेप्टोचा संशय घ्यावाच लागतो. उंदराच्या लघवीतला जंतू, चिखलात तासन्‌तास उभं राहणारे पाय, आणि पायाला चिरा. २०१६ पासून दोडामार्गात माकडतापाचे रुग्ण आढळू लागले. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा विषाणू गोचिडीतून माणसात येतो, आणि काजूच्या मोसमात, पालापाचोळ्यात बसून बिया वेचणाऱ्यांना तो गाठतो. त्या वर्षांत मी नमुने गोळा करायला मदत केली. रक्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत जायचं. आणि निकाल येईतो ताप उतरलेला असायचा किंवा माणूस गेलेला असायचा. तेव्हा गावोगाव जाऊन आम्ही निकाल सांगितले, उशीर झालेलेसुद्धा. तुझ्या बागेत हा ताप आहे, माकड मेलेलं दिसलं तर त्याला हात लावू नको, कळव, गोचिडी दूर ठेवणारं तेल लावल्याशिवाय काजूत जाऊ नको. उशिरा आलेला निकालही शेजारच्या घराला वेळेवर पोचतो. हे मला एचआयव्हीच्या कामात सुचलं नसतं.

या क्षेत्रात येऊ पाहणारी कोकणातली मुलं मला लिहितात. त्यांना मी लपवून काही सांगत नाही. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तरी पीएचडीत पाच-सहा वर्षं जातात. पुढे प्रकल्पावरची कंत्राटं, निधी संपला की हाताखालच्या माणसांची पांगापांग. तयार केलेला समुपदेशक हातचा जातो तेव्हा महागडं यंत्र बिघडण्यापेक्षा जास्त नुकसान होतं. तरीही या, असंच मी सांगते. २०२४ साली संसर्ग टाळण्यासाठीच्या लेनाकापॅव्हिर या औषधाच्या एका चाचणीत, वर्षातून दोनदा इंजेक्शन घेणाऱ्या आफ्रिकेतल्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. हे औषध आपल्याकडे कुणाला, कुठे, कसं द्यायचं हे ठरवायला इथली भाषा आणि इथला पाऊस ठाऊक असलेली माणसं लागणार आहेत.

माझ्यासमोर सध्या वेगळंच काम आहे. २००४-०५ साली उपचार सुरू केलेले लोक आता साठीला आलेत. ही आमच्या क्षेत्राची केवढी मोठी कमाई! त्यांना आता मधुमेह आहे, रक्तदाब आहे, गुडघे दुखतात. डोल्युटेग्रॅव्हिर चालू असताना मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून ते दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या एकदम घेतल्या तर उलट डोल्युटेग्रॅव्हिरच नीट शोषलं जात नाही. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्रॅव्हिरचा डोस दिवसातून दोनदा करावा लागतो. हे सगळं माहीत असलेला डॉक्टर एआरटी केंद्रात बसतो, आणि मेटफॉर्मिन लिहून देणारा गावच्या नाक्यावर. रुग्ण नाक्यावरच्या डॉक्टरला एचआयव्हीबद्दल सांगत नाही, कारण त्याचा कंपाउंडर शेजारच्या वाडीतला.

मागच्या मोसमात एका आजोबांनी दोन्हीकडच्या गोळ्या माझ्या टेबलावर ओतल्या आणि विचारलं, "डॉक्टरांका ह्या सांगूचा की नाय?" सांगायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क त्यांचा. त्यांनी नाही म्हटलं तरी ते सुरक्षित कसे राहतील, हा माझा प्रश्न. म्हणून नव्या प्रकल्पात आम्ही सुरुवात रुग्णांपासून करत नाही. कुडाळ, कणकवली आणि सावंतवाडीतल्या खाजगी डॉक्टरांना आणि औषध दुकानदारांना, कुणाही रुग्णाचं नाव न घेता, कुठली औषधं एकत्र चालत नाहीत ते शिकवायचं, आणि एआरटी केंद्राच्या फार्मासिस्टने प्रत्येकाला बाहेरच्या सगळ्या गोळ्या घेऊन यायला सांगायचं. प्रस्ताव नैतिकता समितीकडे गेलाय. डॉक्टरांची पहिली बैठक दिवाळीनंतर कुडाळात ठेवली आहे.